नाण्यातला गरुड

अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर १९३२ ते १९९८ या काळात मागल्या बाजूस पंख पसरलेला गरुड असे. त्याच्याभोवतीची मोकळी जागा कापून काढली, की कड्यात बसलेला गरुड तेवढा उरतो आणि मागचा उजेड आरपार दिसतो. तेथील काही कारागीर हे काम हातकरवतीने करतात. नाणे अवघे २४.२६ मिलिमीटर व्यासाचे व १.७५ मिलिमीटर जाडीचे!

त्यांची करवत म्हणजे सोनाराचीच करवत. लोखंडी कमानीत ताणून बसवलेले केसासारखे पाते, जाडी सुमारे ०.२२ मिलिमीटर. नाण्याला बारीक भोक पाडायचे, पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवायचे, पुन्हा ताणून जखडायचे आणि कापू लागायचे. जाळीत जितकी छिद्रे, तितक्या वेळा हा खटाटोप.

एका सोनाराच्या दुकानात बसून मी पितळेच्या पत्र्यावर हा प्रयोग केला. दहा मिनिटांत तीन पाती मोडली. सोनार हसून म्हणाला, "सर, ढकलू नका, ओढा." भौतिकी शिकवणाऱ्याला हे सांगावे लागले!

पोस्टकार्डाची अरुंद पट्टी उभी धरून वरून दाबून पाहा. ती लगेच वाकते. तीच पट्टी दोन्ही टोकांना ओढा, पुष्कळ जोर सहन करते. लांबी-रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर पट्टी वाकवायला पूर्वीच्या एक अष्टमांश दाब पुरतो. म्हणून पात्याचे दाते मुठीच्या दिशेला वळलेले असतात. मूठ खाली ओढताना धातू कापला जातो आणि पाते ताणलेलेच राहते. वर जाताना हात हलका ठेवायचा.

वळण घेणे त्याहून अवघड. पात्याची रुंदी जाडीच्या दुप्पट, आणि चीर जेमतेम जाडीएवढी. थांबून वळवाल तर पाते पिळले जाऊन तुटेल. पोलाद कठीण, पण ठिसूळ. करवत जागच्या जागी वरखाली चालवीत, पुढे न रेटता, हळूहळू नाणे फिरवावे लागते. दातेही बारीक हवेत, इंचाला साठेक. निदान दोन-तीन दाते एकाच वेळी धातूत असले पाहिजेत, नाहीतर कड दोन दातांच्या मध्ये अडकते.

कोणता तुकडा कधी काढायचा हेही आधी ठरवावे लागते. पंखाचे टोक कड्याला कुठेच टेकलेले नसेल, तर शेवटच्या चिरेसरशी गरुड खाली पडेल आणि कित्येक तासांचे काम वाया जाईल. बारीक छिद्रे आधी कापतात, कारण तोवर नाणे भक्कम असते. मोठा तुकडा शेवटी.

कापलेली कड भिंगातून पाहिली, तर नाण्याचे वयही कळते. १९६४ पर्यंतच्या नाण्यात ९० टक्के चांदी, सगळीकडे एकच रंग. १९६५ पासूनच्या नाण्यात मध्ये लाल तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलचे पांढुरके थर.

फसवणुकीचा हेतू नसेल, तर अमेरिकेत असे नाणे कापता येते. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याने त्याला बंदी आहे, तेव्हा रुपयाला हात लावू नका. पितळेचा पत्रा घ्या, आणि सुरुवातीला सरळ रेघच कापा.