पळणाऱ्यांची विश्रांती आणि विरळ हवा

मागच्या महिन्यात नांदेडचे एक गृहस्थ भाच्याला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटर पळताना त्याला फार धाप लागे, पाय भरून येत. पळून आल्यावर प्राणवायू कमी मिळाला तर स्नायू कणखर होतात, असे कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवले. म्हणून रोज सरावानंतर तो तासभर तोंडाला घट्ट मास्क बांधून पडून राही. एके दिवशी उठताना चक्कर येऊन पडला.

वाचकहो, या समजुतीत थोडे तथ्य आहे. उंच डोंगरावरही हवेत प्राणवायू शेकडा २१ च असतो. परंतु हवेचा दाब कमी असल्याने तो रक्तात कमी उतरतो. ही उणीव मूत्रपिंडाला जाणवते व ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडते. मग अस्थिमज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होतात. पेशींना ही उणीव कशी कळते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या मराठवाड्याचे, बीड जिल्ह्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे यांनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले. त्यांनीही उटीसारख्या उंच ठिकाणी सराव केला आहे. उटी २२०० मीटरहून उंच आहे. पण असा लाभ तासाभरात होत नाही. तिथे काही आठवडे रात्रंदिवस राहावे लागते, आणि शरीरात लोहही पुरेसे लागते.

आता स्नायूंचे पाहू. पळताना स्नायूंवर ताण पडतो. त्यांची डागडुजी मात्र नंतरच्या विश्रांतीत होते. नव्या केशवाहिन्या आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे वाढतात ती मुख्यतः नियमित सरावाने. विश्रांतीच्या वेळी प्राणवायू कमी केल्यास त्यात भर पडते काय, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. उलट अति उंचीवर दीर्घकाळ राहिलेल्या गिर्यारोहकांचे स्नायू झिजतात. मास्कने तर विरळ हवा तयारही होत नाही. फक्त श्वासाला अडथळा होतो.

त्या मुलाचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. प्रौढ पुरुषात ते किमान १३ हवे, स्त्रियांत १२. प्राणवायू वाहून नेणारेच कमी, तिथे तो आणखी तोडून काय साधणार? खोलीवर सकाळी चहा-बिस्कीट आणि थेट रात्रीचा डबा, असा त्याचा आहार होता. मास्क बंद केला, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या व रक्त कशाने कमी झाले त्याच्या तपासण्याही सांगितल्या.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पालेभाजी, डाळ, मोड आलेली मटकी, सोबत लिंबू. जेवणाला लागून चहा नको. सात-आठ तास झोप घ्यावी, आणि तीही खिडकी उघडी ठेवून. पळताना चक्कर आली किंवा छातीत दुखले तर थांबावे आणि त्वरित डॉक्टरांना दाखवावे.