भग्न मूर्ती, टचस्क्रीन आणि पुरावा

संग्रहालयातल्या वस्तूजवळ बहुधा नाव, काळ आणि सापडल्याचे ठिकाण सांगणारी पाटी असते. जाणकाराला तेवढे पुरते. सहलीला आलेल्या शाळकरी मुलाला पुरत नाही. ही उणीव संवादी डिजिटल तंत्रज्ञान भरून काढू शकते. नांदेडच्या गोविंदबागेतल्या लेझर शोमध्ये शीख गुरूंचे चरित्र उलगडते, पण तिथे प्रेक्षक फक्त पाहतो. संवादी मांडणीत काय पाहायचे, कोणत्या भाषेत ऐकायचे आणि किती खोलात शिरायचे, हे तो स्वतः ठरवतो.

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला या मांडणीचे मोल चटकन पटते. राष्ट्रकूटांच्या काळात भरभराटलेल्या या नगरीत क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे सापडले. नुसते पाऊल पाहूनही थक्क व्हायला होते. अखंड मूर्ती मात्र डोळ्यांपुढे उभी राहत नाही. अशा वेळी फोटोग्रामेट्री कामी येते. प्रत्येक तुकड्याची चहूबाजूंनी छायाचित्रे घेतली, की संगणक त्यांतले समान बिंदू जुळवून त्रिमितीय प्रतिकृती घडवतो. ती टचस्क्रीनवर बोटाने फिरवता येते. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीमुळे मोबाइल अवशेषांसमोर धरताच हरवलेला भागही पडद्यावर दिसू शकतो.

हा हरवलेला भाग म्हणजे अभ्यासकांचा तर्क असतो. संगणकीय पुनर्रचनेत पुरावा कोणता आणि तर्क कोणता, हे स्पष्ट दाखवावे, असा २००९च्या सुधारित लंडन सनदेचा आग्रह आहे. अस्सल तुकडे गडद आणि जोडलेला भाग फिकट दाखवला, तर लहान मूलही फरक ओळखते.

लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आकाराने लहान, पण तिची शैली १९३८मध्ये इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी जुळते. दोन्ही मूर्ती पडद्यावर शेजारी शेजारी मोठ्या करून दाखवल्या आणि जोडीला व्यापारमार्गांचा नकाशा दिला, तर तेरचा, म्हणजेच प्राचीन तगर नगरीचा, रोमन जगाशी असलेला संबंध पाहणाऱ्याला स्वतः शोधता येईल.

या सगळ्याचा पाया म्हणजे चोख नोंद. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संगणकप्रणाली विकसित केली असून, देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांत ती वापरली जाते. लहान संग्रहालयाला महागड्या दालनाची गरज नसते. क्यूआर कोड आणि सोप्या मराठीतले ध्वनिमुद्रित निवेदन एवढ्यानेही सुरुवात होते. निधी खर्च करताना आधी नोंद, मग मजकूर आणि शेवटी पडदा, हाच क्रम पाळायला हवा.