पथ्य सांगणाऱ्यांची शाळा

वर्ध्याहून पवनारमार्गे नागपूरकडे निघालं की सेलू लागतं. एकेकाळी हा भाग केळीच्या बागांसाठी नावाजलेला. बागा आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, तरी केळं हे इथलं घरचं फळ आहे. उपवासाला केळं, प्रसादात केळं, आजाऱ्याला भेटायला जाताना हातात केळ्यांची फणी. याच सेलूतली दोन माणसं धरा. एकाला रक्तदाब आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. दुसऱ्याची किडनी निकामी होत आलेली. पहिल्याला डॉक्टर म्हणतील, रोज एखादं केळं खुशाल खा, त्यातलं पोटॅशियम रक्तदाबाला चांगलं. दुसऱ्याच्या रक्तात तेच पोटॅशियम साचत जातं आणि पातळी फार चढली तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेततं. शंभर ग्रॅम केळ्यात ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला एवढं पुस्तकात मिळतं. पण किडनीच्या रोग्याला बघायला येणारे चार पाहुणे चार फण्या घेऊन येणार आहेत, हे त्याला कोण शिकवणार?

सेलू तालुक्यातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो सावंगीला जातो, नाहीतर सेवाग्रामला. त्यातली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, विद्यार्थ्याला हे कोण शिकवणार, हा प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षं आपल्या पद्धतीने सोडवते आहे. १९६९ हे गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने हे महाविद्यालय उभं केलं. १९६२ ते ६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या, तेव्हा दिल्लीत त्यांना काय कमी होतं? पण खेड्यासाठी डॉक्टर हवा तर तो खेड्यातच घडला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. विद्यार्थ्यांना खादी, मेसमध्ये शाकाहार, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना. आणि पहिल्याच वर्षी गावात मुक्कामाचं पंधरा दिवसांचं शिबिर. एका तुकडीला एक गाव, प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं, आणि शिबिर संपल्यावरही त्या घरी जाणं-येणं चालू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अलीकडे कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या महाविद्यालयांना लावला. सेवाग्रामला त्यात नवं काही नव्हतं.

आहाराचं खरं शिक्षण अशा भेटींत होतं. सामाजिक वैद्यकशास्त्रातली एक रीत आहे: मागच्या चोवीस तासांत घरात काय शिजलं, कोणी किती खाल्लं, ते आठवून सांगायला लावायचं. कागदावर सोपी वाटते. घरात बसून विचारा.

“मावशी, काल काय खाल्लं?”

“तेच, रोजचं.”

“रोजचं म्हणजे?”

“भाजी-पोळी.”

मग पोळ्या किती, वाटी कोणती, वरण घट्ट की पातळ, असं एकेक उकलावं लागतं. चहा तर हिशेबात येतच नाही. “चहा का जेवण असते काय, बाई?” दिवसाचे पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या घरात साखर अशीच सुटून जाते. चमचा मोजण्यापेक्षा डबा विचारणारा विद्यार्थी हुशार. तेलाची पाच लिटरची कॅन चौघांना महिनाभर पुरते म्हटलं की माणशी रोजचं ३८ ग्रॅम निघतं. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज पाच ग्रॅमच्या आत म्हणते. ते भाजीतच संपतं. लोणचं, पापड, ठेचा वेगळे. सैंधव घेतलं की रक्तदाबाला चालतं, हा समज गावात आहे तसा शहरातही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि दुकानात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनीच्या रोग्याला ते भलतंच महागात पडतं.

कुटुंबाच्या अन्नाच्या हिशेबाचं एकक मात्र मला नेहमी बोलकं वाटतं. बैठं काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे एक; त्या मापाने बाकीच्यांची गरज काढायची. जुन्या कोष्टकात बैठ्या कामाची बाई ०.८, पण कष्टाचं काम करणारी १.२. म्हणजे दिवसभर निंदण करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला दुकानाच्या गादीवर बसलेल्या शेठजीपेक्षा जास्त अन्न लागतं. तिला विचारा, तुम्ही किती खाल्लं? उत्तर ठरलेलं: उरलं ते. रक्तक्षयाच्या गोळ्या लिहून देण्याआधी हे उत्तर कानावर पडलेलं बरं. विदर्भात तर आणखी एक मेख आहे. इथे सिकलसेलचे रोगी बरेच. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोह, असं सरसकट करून भागत नाही. सिकलसेलच्या रोग्याला लोह खरोखर कमी आहे का ते आधी पाहायचं. फॉलिक अ‍ॅसिड आणि भरपूर पाणी हा त्याच्यासाठीचा नेहमीचा सल्ला. वैशाखात रानात राबणाऱ्याला भरपूर पाणी प्या म्हणणं सोपं असतं, एवढंच.

मधुमेह्याला हमखास सांगितलं जातं, गहू-तांदूळ कमी करा, ज्वारीची भाकर खा. सल्ला वाईट नाही. पण ज्वारी आहे कुठे? वर्धा जिल्ह्याच्या शिवारात आता कापूस, सोयाबीन आणि तूर. ज्वारी पेरली तर रानडुकरं आणि पाखरं आधी जेवतात, शिवाय रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ जवळपास फुकट. कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेली एक विमा योजना डॉ. उल्हास जाजू यांनी चालवली, तिचा हप्ता शेतकरी सुगीला ज्वारीत भरत. त्या काळी ज्वारी घरोघर होती म्हणूनच हे जमलं. सोयाबीनची गंमत तर औरच. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या ताटात सोयाबीन घालून प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलं. आज जिल्हाभर सोयाबीन आहे आणि ताटात जवळजवळ नाही. ते थेट तेलाच्या कारखान्यात जातं.

ज्वारीचा फार गहिवरही नको. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग दिसे. १९६० मध्ये हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी त्यासाठी ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं होतं. शिवाय भाकर ती भाकर, तीही पिठाचीच. मधुमेह्याने एका वेळी चार खाल्ल्या तर साखर वाढणारच.

पथ्य म्हटलं की आपल्याकडे काय सोडायचं याचीच यादी निघते. क्षयाच्या बाबतीत गाडी उलट दिशेने न्यावी लागते. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांना तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल आणि त्यांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ असा दरमहा शिधा दिला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकांत निष्कर्ष आले. ज्या घरच्यांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी, आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत वजन धरलेल्या रोग्यांत मृत्यूही कमी. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याला महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हजारात काय येतं याचा हिशेब विद्यार्थ्याला करता आला पाहिजे, रोग्याला तो येतोच.

परीक्षेत मात्र अजून पन्नाशीच्या मधुमेह्यासाठी आहारतक्ता लिहा अशा धाटणीचे प्रश्न येतात आणि उत्तरात सफरचंद, ओट्स, ग्रीन टी येतात. माझ्या हाती असतं तर मी विद्यार्थ्याच्या हातात एका घराचं रेशनकार्ड, त्या आठवड्याचे सेलूच्या बाजारातले भाव आणि घरातल्या सहा माणसांची कामं लिहिलेला कागद ठेवला असता. सासऱ्यांना मधुमेह, सून गरोदर, स्वयंपाक एकच. तक्ता एकाच तव्यावर बसला पाहिजे, वेगळी भाजी नाही. आणि वर्ध्याचा गोड गोरसपाक घेऊन नागपूरहून लेक आली तर त्या दिवशी काय करायचं, तेही लिहायचं.