म्हातारपणी मलेशियात? जागा विकण्याआधी हा हिशेब मांडा

धंद्यातून निवृत्ती ही कल्पना आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंमध्ये फारशी रुळलेली नाही. हातपाय चालतात तोवर गल्ला सुटत नाही आणि हत्यारही खाली ठेववत नाही. तरी मोडनिंबसारख्या पुणे-सोलापूर महामार्गावरील बाजारपेठेच्या गावात एखाद्या आडत्याच्या, गॅरेजवाल्याच्या किंवा टेलर मास्तरच्या मनात असा विचार येणे स्वाभाविक आहे : मुले मार्गी लागली, रस्त्याकडेच्या जागेला किंमत आली, मग ती विकून उरलेले दिवस मलेशियात का काढू नयेत? मुस्लिम बहुसंख्य देश, हलाल जेवणाची सोय, थंडीचा त्रास नाही. विचार वाईट नाही. पण त्याचा हिशेब बहुतेक जण उलट्या टोकाकडून मांडतात. महिन्याचा खर्च किती, एवढेच ते विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न असा हवा, की किती भांडवल किती वर्षे अडकणार?

अटी काय आहेत?

परदेशी लोकांनी दीर्घकाळ राहावे यासाठी मलेशियाने 2002 साली 'मलेशिया माय सेकंड होम' ही योजना सुरू केली. 2021 मध्ये तिच्या अटी फार कडक झाल्या आणि 2024 मध्ये त्या पुन्हा बदलून सिल्व्हर, गोल्ड व प्लॅटिनम अशा श्रेणी आल्या. यांतील सर्वांत खालच्या सिल्व्हर श्रेणीसाठी तेथील बँकेत 1 लाख 50 हजार अमेरिकन डॉलरची मुदत ठेव ठेवावी लागते. शिवाय किमान 6 लाख रिंगिटचे घर घेणे सक्तीचे आहे आणि ते घर 10 वर्षे विकता येत नाही. एवढे करून राहण्याचा परवाना मिळतो तो 5 वर्षांचा. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. गोल्डसाठी ठेव 5 लाख डॉलर आणि प्लॅटिनमसाठी 10 लाख डॉलर आहे. ठराविक विशेष आर्थिक क्षेत्रासाठी कमी ठेवीची वेगळी श्रेणी आहे, पण तेथेही घर त्याच क्षेत्रात घ्यावे लागते.

हे नागरिकत्व नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. सिल्व्हर व गोल्ड श्रेणीत नोकरी किंवा धंदा करण्याची मुभा नाही. तेथे जाऊन छोटेसे हॉटेल टाकू, शिलाई मशीन लावू, असा बेत कोणी आखत असेल तर तो येथेच सोडून द्यावा.

रुपयांत किती?

डॉलर 90 रुपये आणि रिंगिट 20 रुपये धरून हिशेब करू. दर रोज हलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा त्या दिवशी पाहावा. ठेवीचे 1 कोटी 35 लाख आणि घराचे 1 कोटी 20 लाख मिळून 2 कोटी 55 लाख रुपये झाले. नोंदणी, वकील, योजनेची फी, वैद्यकीय विमा आणि सामानसुमान यांत धरलेले नाही.

आता पैसे पाठवण्याचा नियम पाहा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात 2 लाख 50 हजार डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. वरच्या दराने ती 2 कोटी 25 लाख होते. म्हणजे एकट्याच्या नावावर सगळी रक्कम एका वर्षात जात नाही. पती-पत्नी दोघांनी तरी पाठवावी, नाहीतर मार्चपूर्वी काही आणि एप्रिलनंतर काही असे दोन भाग तरी करावेत.

दुसरी गोष्ट कराची. शिक्षण व उपचार वगळता इतर कामासाठी वर्षात 10 लाखांपेक्षा जास्त रक्कम पाठवली, की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ कापून घेते. पती-पत्नींनी एकाच वर्षात निम्मी-निम्मी रक्कम पाठवली तरी 20 लाख वजा जाता 2 कोटी 35 लाखांवर 47 लाख रुपये कापले जातील. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरणात तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो आपल्या हातात नसतो. सौदा करताना ही तरतूद ठेवली नाही तर घराचा हप्ता अडतो आणि दिलेला बयाणा धोक्यात येतो. जागा विकताना लागणारा भांडवली नफ्याचा कर आणखी वेगळा.

कमाई रुपयांत, खर्च रिंगिटमध्ये

घरचे भाडे किंवा मुलाने पाठवलेला पैसा रुपयांत येणार आणि किराणा रिंगिटमध्ये घ्यावा लागणार. महिना 4 हजार रिंगिट खर्च धरला तर 18 रुपये दराने 72 हजार, 20 ने 80 हजार आणि 22 ने 88 हजार होतात. खाणे तेच, पण खर्च वाढला. चलन किती झपाट्याने हलते याचा धडा याच भागाने दिला आहे. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने बाहत मोकळा सोडला आणि शेजारची चलने कोसळली. एका डॉलरला सुमारे अडीच रिंगिट पडत होते, तेथे सप्टेंबर 1998 मध्ये मलेशियाला 3.80 वर दर बांधून टाकावा लागला.

थायलंड स्वस्त, तरी सोपा नाही. वय 50 पूर्ण हवे आणि तेथील बँकेत 8 लाख बाहत किंवा महिना 65 हजार बाहत उत्पन्न दाखवावे लागते. बाहत पावणेतीन रुपयांचा धरला तर ठेव 22 लाखांची होते. परवाना मात्र वर्षावर्षाने वाढवून घ्यायचा, दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, इमारतीतील फ्लॅट होतो.

आजारपण आणि वारसा

म्हातारपणी दोन खर्च टळत नाहीत : दवाखाना आणि मागे राहणाऱ्यांची व्यवस्था. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. ते भारतातील रुग्णालयांपुरतेच. तिकडे खासगी विमा घ्यावा लागतो आणि वय वाढेल तसा त्याचा हप्ता चढतो.

मलेशियात मुसलमानाच्या मिळकतीच्या वारशाला शरई हिस्से लागू होतात, हे आपल्याला परके नाही. पण तेथील घर वारसांच्या नावे करायला तेथीलच कचेऱ्या आणि तेथीलच वकील लागतात. मोडनिंबला राहणाऱ्या मुलीला आपला हिस्सा मिळवण्यासाठी किती खेपा घालाव्या लागतील, याचा विचार घर घेतानाच करावा. मृत्युपत्र व हिबा यांचा सल्ला दोन्ही देशांच्या वकिलांकडून घ्यावा.

शेतीचेही असेच. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला आधीची शेतजमीन ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. घाईने विकून टाकली आणि परत यावे लागले, तर पुन्हा निवासी होईपर्यंत ती वाट बंद.

मग करावे काय?

मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाविना 30 दिवस राहण्याची सवलत दिली आणि ती 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. तिचा उपयोग करून पती-पत्नींनी आधी महिनाभर भाड्याच्या घरात राहून पाहावे. हॉटेलात नको. बाजार स्वतः करावा, डॉक्टरकडे जाऊन यावे, पै-पैचा हिशेब वहीत लिहावा. पटले तर अर्ज तेथील पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या एजंटामार्फतच करावा. परवाना क्रमांक स्वतः पडताळल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये. ठेवीवरील व्याजाचा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी इस्लामी बँकेतील ठेव चालेल का, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे. बँक इस्लाम तेथे 1983 पासून आहे.

आमचा सल्ला एकच. अडीच-तीन कोटी बाजूला काढूनही येथील दुकान, घर आणि मुलांचे भांडवल शाबूत राहत असेल, तरच हा रस्ता धरावा. दुकान विकूनच जावे लागत असेल तर जाऊ नये. त्यापेक्षा मुलाला रीतसर भागीदारीत घ्यावे, करारपत्रात आपला दरमहाचा वाटा लिहून घ्यावा, आणि वर्षातून महिनाभर क्वालालंपूर किंवा पेनांगला खुशाल राहून यावे.