वणव्यानंतर फुलणारी

चाकणहून तळेगावकडे येणाऱ्या रस्त्यावर कंटेनरांची रांग सहसा तुटत नाही. सुट्या भागांचे कारखाने, गोदामे, वजनकाटे, टायरवाल्यांच्या टपऱ्या, आणि या सगळ्याच्या मागे उन्हाळ्यात करपून पिवळे पडणारे गवताचे डोंगर. तळेगाव दाभाडेच्या अशाच गवताळ उतारांवर 2020 साली आदित्य धारप यांनी एका रोपाचे नमुने गोळा केले. तोवर जगातल्या कुठल्याही वनस्पतिग्रंथात त्या रोपाचे वर्णन नव्हते. चार वर्षांनी, 2024 मध्ये, ‘क्यू बुलेटिन’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि रोपाला नाव मिळाले: डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. धारप यांच्यासह पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे डॉ. मंदार दातार आणि भूषण शिगवण हे या शोधनिबंधाचे लेखक.

अडुळसा, कोरांटी आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी ज्या कुळातल्या, त्याच कुळातली ही. पाऊस सरून गवत वाळायला लागले की नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती फुलू लागते आणि मार्च-एप्रिलपर्यंत फुलत राहते. इथवर विशेष काही नाही. पण याच महिन्यांत या उतारांवर वणवे लागतात, आणि ते बहुतेक माणसांनीच लावलेले असतात. जुने गवत जाळले की नवे कोवळे फुटते आणि गुरांना चांगला चारा मिळतो, ही आपल्याकडची पिढ्यांची समजूत. आग गेली की सगळा उतार काळा होतो. जमिनीत मात्र या रोपाचे लाकडासारखे टणक मूळखोड शाबूत असते. मे-जूनमध्ये त्यातून बुटके धुमारे वर येतात आणि त्यांना पुन्हा फुले लागतात. हा दुसरा बहर थोडे दिवस टिकतो, पण पहिल्यापेक्षा भरघोस असतो.

आता यातली अडचण पाहा. एकाने डिसेंबरात उंच फांदी तोडून आणली आणि दुसऱ्याने जूनमध्ये जळक्या जमिनीतला बुटका धुमारा आणला, तर दोघांना दोन वेगळ्या वनस्पती हाती लागल्या असेच वाटेल. म्हणून दातार यांनी पहिल्या नमुन्यांवर विसंबून घाई केली नाही. त्याच उतारांवरची तीच रोपे त्यांनी पुढची काही वर्षे हंगामामागून हंगाम पाहिली. लक्षणे दरवर्षी तशीच राहतात याची खात्री झाल्यावरच पुढचे पाऊल पडले. नव्या जातीच्या बातमीत हा भाग दोन ओळींत संपतो. माझ्या मते या कसबाचा कणा तोच आहे.

सुरुवात अगदी साध्या सामानाने होते. कात्री, खुरपे, जुनी वर्तमानपत्रे, टिपकागद आणि पट्ट्यांनी आवळायची जाळीदार लाकडी प्रेस. फांदी घ्यायची ती फुलाफळांसकट. अडुळशाच्या कुळात तर फुलाखालची छदे, बोंड आणि बिया यांवाचून पान हलत नाही. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची, एखादे पान उलटे ठेवायचे म्हणजे त्याची खालची बाजूही दिसते, आणि दाबून सुकवायची. पावसाळ्यात कागद वरचेवर बदलावे लागतात, नाहीतर बुरशी सगळे घेऊन जाते. सुकताना फुलाचा रंग जातो, वास जातो, रोप किती उंच होते तेही कळेनासे होते. म्हणून हे सारे जागेवरच वहीत लिहायचे: ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन कशी, आजूबाजूला काय वाढते. मग कीड लागू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करून नमुना साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात, उजवीकडे खाली चिठ्ठी लावतात आणि तो कपाटात जातो. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. नीट राखला तर असा कागद दोन-दोनशे वर्षे टिकतो आणि त्यावरून त्या काळी ते झाड कुठे होते, कधी फुलत होते हे सांगता येते.

खरी झटापट त्यानंतर. हातातले रोप नवे आहे म्हणण्याआधी ते जुन्यांपैकी कोणतेच नाही हे दाखवावे लागते. त्यासाठी हूकरची ब्रिटिश भारताची वनस्पतिसूची उघडायची, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्राचे खंड उघडायचे, आणि थिओडोर कुकचा मुंबई इलाख्यावरचा ग्रंथ तर उघडायचाच. हा कुक रेल्वेचा अभियंता म्हणून भारतात आला आणि पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ आजही पश्चिम महाराष्ट्रात झाडे ओळखणाऱ्यांच्या टेबलावर असतो. कारखान्यांच्या आणि अभियंत्यांच्या या पट्ट्यात ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

ग्रंथांतून उत्तर मिळाले नाही की जगभरच्या हर्बेरियममधले नमुने पाहायचे आणि त्या गटाच्या जाणकाराला विचारायचे. तळेगावच्या रोपाबाबत ते जाणकार होते लंडनच्या क्यू उद्यानातले, इयान डार्बिशायर. ही जात नवी आहे यावर त्यांनी शिक्कामोर्तब केले. तिचा फुलोरा कणसासारखा असतो. भारतातल्या डायक्लिप्टेराच्या दुसऱ्या कुठल्याच ज्ञात जातीत तसा फुलोरा नाही आणि तिचे जवळचे नातलग सापडतात ते आफ्रिकेत. तळेगावच्या डोंगरावरचे रोप आणि समुद्रापारची त्याची भावकी, यांतले नाते कळले ते कपाटांतले कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर.

नाव देण्याचे नियमही कडक आहेत. लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून वनस्पतींची नावे ग्राह्य धरतात. 1935 पासून 2011 संपेपर्यंत नव्या जातीचे वर्णन किंवा तिची वेगळेपण सांगणारी लक्षणे लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. 2012 पासून इंग्रजीही चालते. आणि प्रत्येक नाव एका ठराविक सुकवलेल्या नमुन्याला बांधलेले असते. त्याला टाइप नमुना म्हणतात. पुढे कधी वाद झाला तर पुस्तक बाजूला ठेवून तो कागद पाहायचा, निर्णय त्यावर होतो.

हे कसब तळेगावशेजारच्या पिंपरी-चिंचवडला नवे नाही. आज महापालिकेच्या हद्दीत असलेल्या दापोडीला 1828 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले. 1838 पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा अधीक्षक होता. बाहेरून आणलेली झाडे इथे रुजतात का, सैन्याच्या दवाखान्यांना लागणारी औषधे इथेच पिकवता येतील का, हे पाहणे बागेचे काम. जुन्नरजवळ हिवऱ्याला तिची एक शाखा होती, तिथे औषधी वनस्पती लावत. गिब्सन मुलखात हिंडला, कोकणातली जंगले कशी तुटत आहेत यावर त्याने सरकारला अहवाल लिहिले आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

त्याच सुमारास, 1847 ते 1850 या काळात, त्याने एका चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. अशी सुमारे 170 चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या ग्रंथालयात आहेत. हेन्री नॉल्टी या अभ्यासकाने 2002 मध्ये त्यांवर पुस्तक काढले तेव्हा दापोडीचे नाव जगातल्या वनस्पतिअभ्यासकांपर्यंत पुन्हा पोहोचले. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज होता एवढे कळते. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही. पाकळीवरची शीर आणि देठावरची लव त्याने टिपली, पण ती पाहणारा डोळा कोणाचा हे कागदावर आले नाही. मला याचे वाईट वाटते. ज्या शहरात दापोडी येते, त्या शहराने या चित्रांच्या प्रती तरी एकदा आपल्या लोकांपुढे मांडायला हव्यात.

गिब्सनबरोबर निकोल डाल्झेल याने 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. पुढे काही वर्षांतच याच डाल्झेलने हिवऱ्याच्या डोंगरावरच्या एका मांसल खोडाच्या झुडपाचे वर्णन केले आणि गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका म्हटले. आपली शिंदळ माकुडी ती हीच. कड्यांच्या खोबणीत ती वाढते. पावसाळ्यात तिला जाडसर पाने येतात, आणि पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबडी फुले माश्यांना बोलावतात. शिवनेरीच्या कड्यावर आहे, पुरंदरजवळ वज्रगडावर आहे, सज्जनगडावर आहे. पण सगळीकडे थोडीच. गेल्या शतकात ती जगातल्या अत्यंत धोक्यातल्या वनस्पतींत गणली गेली. तिचे नाव आणि टाइप नमुना जागेवर होता म्हणूनच तशी गणना होऊ शकली, आणि रोपे वाढवून ती पुन्हा डोंगरावर लावण्याचे काम साताऱ्याला आणि कोल्हापूरला उभे राहिले.

तळेगावचे रोप नोंदवणाऱ्या आघारकर संस्थेची परंपराही अशीच पायी फिरणाऱ्यांची. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तरुणपणी सह्याद्रीत हिंडत असताना त्यांना कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक. 1946 मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली; 1992 पासून तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. तिच्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातून गेंदाची एक नवी जात नोंदवली. गेंद म्हणजे कासच्या पठारावर पांढऱ्या गुंड्यांसारखी दिसतात ती फुले. तळेगावची डायक्लिप्टेरा आणि ही गेंद, दोन्ही जाती दिसतात साध्या, ओळखायला अवघड, आणि दोन्ही झाडी नसलेल्या जागी वाढणाऱ्या.

झाडी नसलेली जागा. इथे येऊन मला सरळ बोलायचे आहे. आपल्या सातबारावर अशा जमिनीपुढे पोटखराबा लिहिलेले असते. पीक येत नाही म्हणून ती खराब, आणि झाड नाही म्हणून ओसाड. मग तिचे भले करायचे तर चर खणायचे, गिरिपुष्पाची रोपे लावायची, फलक उभारायचा. कारखान्यांच्या सामाजिक निधीतून पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हे भरपूर झाले आहे, आणि हेतू चांगलाच होता. पण सह्याद्रीच्या उत्तर भागातले गवताळ उतार हे मोडलेले जंगल आहे असे धरून चालणे बरोबर नाही. उन्हाळ्यातल्या कोरड्या झळा, पावसाळ्यातले धो-धो पाणी आणि आग, हे सगळे सोसणारी रोपे तिथे आहेत. त्यांना सावली नको आहे. वर गर्द झाडी आली की बहुतेकदा पहिल्यांदा तीच जातात.

म्हणून वणवे लावत सुटावे असे कोणी समजू नये. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरपटणारे जीव आगीत जातात. एक रोप आगीनंतर फुलते यावरून सगळ्या डोंगराला आग हवी असा निष्कर्ष निघत नाही. उतारांवर आग किती वर्षांनी आणि कोणत्या महिन्यात यावी हे ठरवूनच ती हाताळली पाहिजे, आणि गवताचा उपसाही मर्यादेत राहिला पाहिजे. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक, दोन्ही सोपे असल्यामुळेच आपण त्यांकडे वळतो.

एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी रस्ता, गोदाम किंवा वसाहत येते तेव्हा तिथल्या झाडांची यादी होते. यादीत येते ते ज्याला नाव आहे तेच. 2024 पर्यंत तळेगावच्या या रोपाला यादीत शिरायला वाटच नव्हती. आता आहे. पण यादी करणारा ऑगस्टमध्ये एकदाच डोंगर चढला तर डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा त्याला फुललेली भेटणारच नाही. त्याने डिसेंबरात जायला हवे, आणि पुन्हा मे महिन्यात, काळ्या पडलेल्या उतारावर.