गणित अडलं, म्हणून वाट अडली काय?

मॅट्रिक जाऊन दहावी आली, पाटी जाऊन वही आली, आणि निकालही आता हातातल्या मोबाइलवर लागतो; पण निकालाच्या दिवशी आमच्या खटाव-माण भागात विचारला जाणारा प्रश्न काही बदललेला नाही. 'पोरगं कशात गेलं?' उत्तर येण्याआधीच विचारणारे गृहस्थ मान हलवून म्हणतात, 'गणितच असणार!' आणि बहुधा गणितच असतं.

पुढं काय होतं ते वडूजच्या बाजारात बसून सांगता येतं. मुलगा असेल तर गलाईच्या धंद्यात असलेल्या मामाला नाही तर चुलत्याला केरळात किंवा तामिळनाडूत फोन जातो. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामानिमित्त साऱ्या देशात पसरलेली आहेत. एक पोरगं त्यांना जड होत नाही. मुलगी असेल तर फोन दुसऱ्या दिशेला जातो. सोळाव्या वर्षी लग्न लावणं हा गुन्हा आहे हे घरात सर्वांना ठाऊक असतं. पण 'स्थळ बघून ठेवायला काय हरकत आहे' असं कोणीतरी म्हणतं, आणि त्या दिवसापासून तिची वह्या-पुस्तकं माळ्यावर जातात. शंभरांतले पस्तीस गुण न मिळाल्यामुळं एवढं सगळं घडतं. म्हणून हा विषय केवळ शाळामास्तरांचा नव्हे. तो घरचाही आहे.

अशा वेळी मुलाच्या समाधानासाठी थोरामोठ्यांचे दाखले देण्याची पद्धत आहे. दाखले खोटे नाहीत. आमच्याच खटाव तालुक्यातल्या औंधास शिकलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिक होऊ शकले नाहीत, आणि त्यांना अडवलं ते गणितानंच असं सांगतात. पुढं ते कोल्हापुरास जाऊन चित्रपटाच्या धंद्यात शिरले. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीनं त्यांचं गीतरामायण वर्षभर, एकूण छप्पन्न गीतांतून, ऐकवलं; ते घराघरांतून हात जोडून ऐकलं गेलं. मला या गोष्टीत एक गंमत वाटते. जातिवृत्तात लिहिणं म्हणजे ओळीमागून ओळ मात्रा मोजणं, आठात आठ मिळवून सोळा करणं. हा हिशेब ज्याच्या कानात इतका चोख होता, त्याला हिशेब येत नव्हता असं कसं म्हणावं? त्याचं गणित कागदावर उतरत नव्हतं, एवढंच फार तर म्हणता येईल.

दुसरा दाखला कर्मवीर भाऊराव पाटलांचा. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात असताना ते गणितात मागं पडले, आणि प्रत्यक्ष शाहू महाराजांचा शब्द जाऊनही गणिताच्या शिक्षकांनी त्यांना वरच्या वर्गात घातलं नाही, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून येते. याच भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. तथापि ही गोष्ट सांगणारे एक विसरतात. भाऊरावांनी काढलेल्या शाळांतून गणिताला सूट मिळाली नाही. उलट ज्या मुलाला घरी दिवा नाही त्याला वसतिगृहात दिवा मिळाला. 'भाऊरावही नापास झाले होते, तू काळजी करू नकोस' एवढं सांगून जो मास्तर मोकळा होतो, त्यानं मुलाला दिवा दिला नाही, नुसती गोष्ट दिली. नापास होऊन नाव काढणारे दोघे-चौघे आपल्याला आठवतात. नापास होऊन गप्प बसलेले हजारो आठवत नाहीत.

तेव्हा गणित नेमकं कुठं अडतं, तेच पाहू या. दहावीच्या पेपरात ते उघडकीला येतं, पण अडलेलं असतं फार आधी. पायरी पाचवीत निसटते आणि पोर दहावीत पडतं.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. पहिली-दुसरीचं लेकरू कानाला इमानी असतं. ते ५२ लिहून मोकळं होतं, आणि आपण त्याच्या पाठीत धपाटा घालतो. जतकडच्या कानडी बोलणाऱ्या मुलाला ही अडचण नाही. त्याच्या 'इप्पत्तैदु'मध्ये वीस आधी येतात, पाच मागून. आपल्याकडं त्यात आणखी 'एकोणतीस' आहे, म्हणजे तिसाला एक उणा. लिहायचे मात्र दोन आणि नऊ, आणि हे दोन्ही अंक त्या शब्दात कुठं ऐकू येत नाहीत. शिवाय त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही जोडाक्षरं! २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच', 'सत्तर तीन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. १९६४ साली मुंबई विद्यापीठाची गणितातली एम.ए. पहिल्या क्रमांकानं झालेल्या, नंतर संसार सांभाळून १९८१ साली डॉक्टरेट मिळवलेल्या बाई. त्यांना मराठीचं वावडं होतं असं कोण म्हणेल? जुनी नावं पुसायचा त्यांचा विचार नव्हता. ज्या लेकराला ती जड जातात त्याला जोडीनं एक सोपी पायरी द्यायची होती. माझं मत विचाराल तर 'पंचवीस' टिकलंच पाहिजे. पण वर्गात महिनाभर 'वीस आणि पाच, पंचवीस' असं म्हणून घेतलं तर भाषेचं काही बिघडत नाही आणि मुलाचा आकडा सरळ पडतो.

दुसरी पायरी अपूर्णांकाची. माझ्या समजुतीनं निम्मी पडझड इथंच होते. अर्धा अधिक पाव किती, असं विचारलं की पुष्कळ मुलं वरचे दोन एक मिळवून दोन करतात, खालचे दोन आणि चार मिळवून सहा करतात, आणि 'दोन छेद सहा' असं उत्तर देतात. मास्तर तांबडी फुली मारतात. फुलीनं काही कळत नाही. त्यापेक्षा त्याला विचारावं : अर्धी भाकरी खाल्लीस, वर चतकोर घेतलीस, किती झाली? 'पाऊण,' मुलगा ताबडतोब सांगेल. मग दाखवावं, की दोन छेद सहा म्हणजे भाकरीचा तिसरा हिस्सा, अर्ध्याहूनही कमी. म्हणजे चतकोर वाढल्यावर भाकरी कमी झाली काय? इथं पोरगं हसतं, आणि हसलं की समजावं, गाठ सुटली. नंतर भाकरीचे चार सारखे तुकडे करावेत : अर्ध्यात दोन, चतकोरात एक, मिळून चारांतले तीन. समच्छेद म्हणतात तो हाच, सारे तुकडे एका मापाचे करून घेणं. आपल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. सगळंच घोकून घ्यावं असं मी म्हणणार नाही. परंतु 'सात पावणे सव्वापाच' हे ज्याच्या जिभेवर आहे त्याला पाऊणचं भय वाटत नाही.

तिसरी पायरी ऋण संख्यांची. इथं भाषा आपल्या मदतीला उभी आहे आणि आपण तिचा उपयोग करीत नाही. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे गाठीचा पैसा. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं या संख्यांचे नियम याच शब्दांत सांगितले आहेत. 'ऋण गुणिले ऋण बरोबर धन कसं?' असं मुलानं विचारलं तर 'नियम आहे, पाठ कर' म्हणू नये. सोसायटीचे पाचशेचे तीन हप्ते माफ झाले तर तुझ्या बापाकडं किती वाढले? पंधराशे. पाचशेचं देणं हे ऋण, माफी म्हणजे ते काढून घेणं हे दुसरं ऋण. शेतकऱ्याच्या पोराला कर्ज आणि माफी वेगळी शिकवावी लागत नाही.

या तीन पायऱ्यांपैकी एखादी कच्ची असली की बीजगणितात क्ष आला काय आणि य आला काय, सगळा अंधारच. म्हणून शिक्षकबंधूंना विनंती अशी, की नववी-दहावीच्या कच्च्या मुलाला दहावीचीच उदाहरणं पुन्हा पुन्हा घालू नयेत. त्याला पाचवी ते आठवीतली दहा-बारा उदाहरणं द्यावीत, आणि सोडवताना तोंडानं बोलायला सांगावं. कुठं अडखळतो ते कानाला कळतं. वहीत फक्त चुकलेलं उत्तर दिसतं. तिथून वर आणावं. दररोज अर्धा तास दिला तर एका टर्ममध्ये फरक दिसतो. वरच्या वर्गातल्या मुलाला खालच्या पुस्तकाची लाज वाटते खरी. तेव्हा ते पुस्तक वर्गाबाहेर, एकांतात द्यावं.

वजाबाकीतल्या हातच्याचा सराव मात्र सगळ्या वर्गाला एकदम देता येतो, आणि तोही खेळ म्हणून. ती युक्ती शाळामास्तरांचीच आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक घ्या, समजा ३५२४. मोठ्यातली मोठी संख्या ५४३२, लहानातली लहान २३४५. वजा केली, ३०८७. पुन्हा तसंच : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४ च! कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत याच गावाला येऊन पोचता. जगभर ही संख्या कापरेकरांच्या नावानं ओळखली जाते. चाळीस मुलांना चाळीस वेगळ्या संख्या द्या. ज्याचं ६१७४ येत नाही तो स्वतःच आपली चूक शोधू लागतो. फुली मारायलाच नको.

आता पोटापाण्याचा प्रश्न. गणित गेलं म्हणजे सगळे दरवाजे बंद, हे खरं नाही. आणि गणितावाचून काही अडत नाही, हेही खरं नाही. दहावी सुटली की अकरावीला कला शाखेत गणित सक्तीचं नाही, वाणिज्य शाखेत ते ऐच्छिक आहे, आणि विज्ञान शाखेतही गणित सोडून जीवशास्त्र घेता येतं. त्या वाटेनं नर्सिंग, औषधनिर्माण, कृषी पदवी इथपर्यंत जाता येतं. अभियांत्रिकीचा डिप्लोमा करायचा तर मात्र गणिताला पर्याय नाही. आयटीआयमध्ये दहावी नापासालाही काही ट्रेड खुले आहेत. पण तिथं गेल्यावर माप घ्यावं लागतं, वायरीचा भार काढावा लागतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असतं, तलाठ्याच्या परीक्षेतही असतं. कोणतं? शेकडेवारी, सरासरी, व्याज, काळ-काम-वेग, म्हणजे पाचवी ते आठवीचं. दहावीची प्रमेयं तिथं कोणी विचारीत नाही.

आणि गलाईला गेलेल्या पोराची सुटका झाली असं वाटतं ना? भट्टीवर तर दिवसभर गणितच. बावीस कॅरट म्हणजे चोवीसांतले बावीस भाग शुद्ध, शेकडा एक्याण्णव पूर्णांक सदुसष्ट शतांश. अठ्ठेचाळीस ग्रॅमचा डाग आटवला तर शुद्ध सोनं चव्वेचाळीस ग्रॅम भरलं पाहिजे. ज्या मुलाला शाळेत गुणोत्तर येत नव्हतं, तोच दोन वर्षांनी सुट्टीला येतो आणि हा हिशेब तोंडी करतो. डोकं तेच असतं. फरक एवढाच, की तिथं उत्तर चुकलं तर नुकसान कोणाचं ते त्याला दिसतं, आणि शिकवणारा मामा दहा वेळा सांगायला कंटाळत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक सूचना गाजली. गणित आणि विज्ञान यांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी दहावी उत्तीर्ण करावं, मात्र त्या विषयांच्या वाटेनं पुढं जाता येणार नाही असा शेरा प्रमाणपत्रावर मारावा. कोणी म्हणालं दर्जा बुडाला, कोणी म्हणालं पोरं सुटली. ज्या मुलीची पुस्तकं माळ्यावर जातात तिच्यासाठी अशी वाट हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सोळाव्या वर्षी कागदावर मारलेला शेरा विसाव्या वर्षी पुसता येईल अशी सोयही जोडीला हवी. मुलं उशिरा जागी होतात. आमच्या महाविद्यालयात कला शाखेला येऊन भरतीच्या अभ्यासासाठी पुन्हा अपूर्णांकांपासून सुरुवात करणारी मुलं मी दरवर्षी पाहतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते जमतं.

पालकांना मात्र नियमांतली एक-दोन कलमं ठाऊक असावीत. बीजगणित आणि भूमिती यांचे चाळीस-चाळीस गुण आणि शाळेचे अंतर्गत वीस, असं मिळून शंभरांत पस्तीस हवेत; म्हणजे भूमिती कच्ची असली तरी बीजगणितानं आणि वर्षभराच्या गृहपाठानं तोलून धरता येतं. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीखाली अकरावीत बसता येतं, वर्ष रिकामं जात नाही. पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरच्या सुमारास होई. २०१५ पासून ती जुलैच्या आसपास होऊ लागली, ती मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच. तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि मुदत थोडी असते. निकाल लागला की त्याच आठवड्यात हेडमास्तरांकडं जाऊन यावं, आणि मुलगी असली तर तिलाही बरोबर न्यावं.