काळ्या पडद्यामागील अवस्था

पिंपरी, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत मेंटेनन्स विभागाचा लॅपटॉप कार्यालयातील लॅपटॉपसारखा एका टेबलावर राहत नाही. तो प्रेसपासून वेल्डिंगच्या रोबोपर्यंत हिंडतो, पीएलसीला, म्हणजे यंत्राची प्रत्येक हालचाल ठरवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाला, केबलने जोडला जातो आणि दोन कामांच्या मध्ये त्याचे झाकण नुसते मिटले जाते. झाकण पुन्हा उघडल्यावर पडदा काळाच राहिला, तर बहुधा पॉवर बटण दाबून धरले जाते, कारण लाइन थांबलेली असते आणि सुपरवायझर शेजारी उभा असतो. ही घाई समजण्यासारखी असली, तरी निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत महाग पडते. त्या दाबासरशी मेमरीतील जतन न केलेले प्रोग्राममधील बदल नाहीसे होतात आणि लॅपटॉप नेमका कोणत्या टप्प्यावर अडकला होता याचा पुरावाही त्यांच्याबरोबर पुसला जातो.

झोप म्हणून ओळखली जाणारी अवस्था प्रत्यक्षात एक नसून अनेक असतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकात त्यांना क्रमांक दिलेले आहेत. एस-३ या अवस्थेत प्रोसेसर बंद होतो, मात्र मेमरीला वीज मिळत राहते, कारण या मेमरीतील सूक्ष्म विद्युतभार सतत गळत असतो आणि सामान्य तापमानात तो साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरला नाही, तर माहिती टिकत नाही. एस-४, म्हणजे हायबरनेशन, या अवस्थेत मेमरीतील मजकूर डिस्कवरील एका फाइलमध्ये उतरवून वीज जवळजवळ पूर्ण तोडली जाते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस-३ उपलब्धच नसते आणि तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय असते, ज्यात यंत्रणा बंद न होता मोबाइल फोनप्रमाणे अत्यल्प विजेवर चालू राहते व मधूनमधून स्वतःच जागी होते. विंडोजमधील पॉवरसीएफजी या आज्ञेने यांपैकी कोणत्या अवस्था त्या लॅपटॉपला साध्य आहेत हे काही क्षणांत कळते. तेवढे न पाहता ड्रायव्हर बदलत बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

म्हणून अनुभवी तंत्रज्ञ बटणाला हात लावण्यापूर्वी खुणा वाचतो. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा जागी झालेली असून केवळ पडदा आलेला नसतो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडे असलेले काम वाचू शकते. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला असता पडद्यावर अंधूक अक्षरे दिसली, तर दोष पडद्यामागील प्रकाशात असतो. पंखा फिरत असून कळांना काहीच प्रतिसाद नसेल, तर जागे होण्याची क्रिया सुरू होऊन अर्ध्यावर थांबलेली असते. पॉवरचा दिवा झोपेतल्याप्रमाणे संथ लुकलुकत राहिला असेल, तर जागे होण्याचा आदेशच आत पोहोचलेला नसतो, आणि ही शेवटची शक्यता कारखान्यात विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

बहुतेक लॅपटॉपांत झाकण मिटले आहे की उघडे, हे हॉल सेन्सर ठरवतो; झाकणातील लहान चुंबक कीबोर्डजवळच्या या सेन्सरसमोर आला की एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे कळफलक, बॅटरी व झाकण सांभाळणारी स्वतंत्र चिप, झाकण मिटल्याची नोंद घेते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चुंबकांची वाण नसते. डायल गेजचा मॅग्नेटिक बेस खटका चालू ठेवून लॅपटॉपच्या कडेला टेकवलेला असतो, किंवा लॅपटॉप चुंबकीय टूल ट्रेवर ठेवलेला असतो, किंवा दोन लॅपटॉप एकावर एक रचलेले असतात आणि खालच्याच्या झाकणातील चुंबक वरच्याच्या सेन्सरला फसवतो. झाकण डोळ्यांसमोर सताड उघडे असताना कंट्रोलरच्या लेखी ते मिटलेलेच राहते. लॅपटॉप कामाच्या मध्येच झोपतो, किंवा जागा होऊनही पडदा काळा ठेवतो. लॅपटॉप हातभर दूर, लाकडी टेबलावर नेऊन पाहणे ही या दोषाची पूर्ण चाचणी आहे, आणि ती इतकी सोपी असल्यामुळेच मदरबोर्डला दोष देण्यापूर्वी ती झालीच पाहिजे.

मॉडर्न स्टँडबायचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. झाकण मिटलेला लॅपटॉप बॅगेत जातो, बॅग कंपनीच्या बसमध्ये चढते आणि चाकणच्या चौकातील कोंडीत बराच वेळ अडकून राहते. त्या काळात एखादे अपडेट किंवा नेटवर्कची हालचाल यंत्रणेला जागी करत राहिली, तर बंद बॅगेत उष्णता कोंडते आणि बॅटरी संपते. या पट्ट्यात गुरुवारी सुटी असणारे कारखाने पुष्कळ आहेत; बुधवारी संध्याकाळी मिटलेला लॅपटॉप शुक्रवारी सकाळी उठला नाही, तर तो बिघडला नसून निव्वळ उपाशी असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. चार्जर लावून काही मिनिटे थांबावे आणि मग पॉवरसीएफजीचा स्लीप स्टडी अहवाल काढावा, ज्यात झोपेच्या काळात कोणत्या घटकाने वीज खाल्ली याची नोंद असते.

हायबरनेशनमधून परतणे हे सर्वांत नाजूक काम आहे, कारण डिस्कवरील फाइल मेमरीत परत भरल्यावर प्रत्येक ड्रायव्हरला आपले उपकरण पूर्वीच्याच स्थितीत सापडावे लागते. शॉपफ्लोअरवर नेमके तेच घडत नाही. झोपताना जोडलेला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या पीएलसीशी बोलण्यासाठी लागणारा जोड, उठताना दुसऱ्याच मशीनवर गेलेला असतो. सॉफ्टवेअरच्या परवान्याची डाँगल कुणीतरी काढलेली असते. आणि जुना ड्रायव्हर हे वियोग सहन करू शकत नाही. येथे आणखी एक गैरसमज अडथळा आणतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यावरही सिस्टिमचा गाभा हायबरनेशनच्या फाइलमध्येच जपला जातो. त्यामुळे ‘बंद करून चालू केला’ असे सांगितले जाते तेव्हा बिघडलेली स्थिती अनेकदा जशीच्या तशी परत आलेली असते. ती पुसायची, तर ‘रिस्टार्ट’च करावे लागते.

सर्व खुणा वाचूनही मार्ग उरला नाही, तर चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे कित्येक लॅपटॉपांत एम्बेडेड कंट्रोलरही नव्याने सुरू होतो. त्यानंतरची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ या नावाने मिळते, परंतु ती यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली एवढेच सांगते, कारण सांगत नाही. कारणासाठी तिच्या आधीच्या नोंदी, विशेषतः झोपेत शिरण्याच्या वेळेच्या, वाचाव्या लागतात.

दुरुस्तीनंतरच्या चाचणीत तर फारच काटकसर केली जाते. झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडले आणि पडदा आला, की लॅपटॉप परत दिला जातो. पण अनेक लॅपटॉप काही तास झोपल्यावर आपोआप हायबरनेशनमध्ये उतरतात आणि खरा दोष त्या उतरण्यात किंवा तेथून परतण्यात असतो. म्हणून चाचणी एकदा चार्जरवर, एकदा बॅटरीवर, एकदा कन्व्हर्टर लावून झोपवून आणि तो काढून उठवून, आणि एकदा तिसऱ्या शिफ्टभर लॅपटॉप मिटून ठेवून घ्यावी लागते.